अकरा मिनिटं

नोटीस तिसऱ्यांदा खाली पडली, आणि चिकटमामाने सोल्युशनच्या डब्याआड तोंड लपवून हसू दाबलं.

जाड पुठ्ठ्यावर छापलेली ती नोटीस त्याचीच होती. कामावरून काढल्याची. पण बुटांच्या या कारखान्याचा नियमच असा, की नोटीस सलग सात दिवस भिंतीवर राहिली तरच माणूस गेला. पडली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिपायाने आधी चिकटपट्टी लावून पाहिली. तेलकट रंगाच्या भिंतीने ती थुंकून टाकली. मग खिळा ठोकला, तो वाकला. आता तो भिंतीला बूट चिकटवायचं सोल्युशन बदाबदा फासून ओल्यातच पुठ्ठा दाबत होता, आणि पुठ्ठा दमलेल्या माणसासारखा भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसत होता.

सकाळी मालकांच्या बुटाचंही असंच झालं होतं. सोलला सोल्युशन, बुटाला सोल्युशन, अकरा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला लागेनासं झालं की मग दाबायचं. सव्वीस वर्षं मामा हेच करत आला. नव्या मॅनेजरने घड्याळ लावून पाहिलं. "अकरा मिनिटं बूट नुसते बसून? कामगारांचं बघून शिकले वाटतं!" म्हणाला, आणि सुकवायची मांडणीच भंगारात देऊन टाकली. बुटांचा सरकता पट्टा कसा भराभर धावायला लागला! मालक खूश. पट्ट्यावरून नुकताच उतरलेला जोड त्यांनी कौतुकाने पायात घातला आणि भाषणाला निघाले. पाचव्या पावलाला मालक पुढे, सोल मागे.

दुपारी नोटीस छापून आली. 'सोल्युशन हाताळण्यात हलगर्जी.'

"अहो, गप्प बसून राहा," शेजारच्या शिवणयंत्रावरून बायको पुटपुटली. तिला सगळे मामीच म्हणत. "पडतेय तर पडू दे. सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय, आत्ताच घरी बसायचंय का तुम्हाला?"

"मी कुठे काय करतोय?"

चौथ्यांदा पुठ्ठा सुटला तो थेट बघायला आलेल्या मॅनेजरच्या डोक्यावर. भिंतीला काही केल्या न धरलेलं सोल्युशन त्याच्या केसांना मात्र झकास धरलं. अख्खी लाइन खो-खो हसली. मॅनेजरने ओढून ओढून पुठ्ठा सोडवला. मूठभर केस नोटिशीवरच राहिले.

"बघितलंत?" तो ओरडला. "म्हणे मी घाई केली! हे सोल्युशनच रद्दड आहे. साधा पुठ्ठा धरत नाही! आणि हा माणूस सव्वीस वर्षं त्यावर भाकरी खातोय!"

मामाचं हसू मावळलं.

"मला काय बोलायचं ते बोला, साहेब. सोल्युशनला नावं ठेवायची नाहीत."

"अहो!" मामीने यंत्र थांबवलं. "बसा खाली!"

पण मामा उठला होता. काचपेपरने त्याने भिंतीवरचा तेलकट रंग खरवडला. पुठ्ठ्याची पाठ खरवडली. केस वेचून टाकले. फडक्याने धूळ पुसली. भिंतीला एक पातळ हात, पुठ्ठ्याला एक पातळ हात. मॅनेजर घाईघाईने पुठ्ठा उचलायला गेला.

"थांबा. अकरा मिनिटं."

मॅनेजर थांबला. शिपाई थांबला. मजा बघायला सगळे उठून आले, म्हणून पट्टाही थांबला. मामाने दोनदा बोटाची पाठ टेकवून पाहिली. अजून नाही.

मामी जवळ येऊन उभी राहिली. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "निदान ओलं तरी लावा."

मामाने तिच्याकडे बघितलं. "ओलं कसं लावू गं?"

अकरा मिनिटं झाली. बोट कोरडं आलं. मामाने पुठ्ठा एकदाच टेकवला, मधून कडेला दाबत नेला, वरून रूळ फिरवला आणि बाजूला झाला.

मॅनेजरने कोपऱ्यात नख खुपसून जोर लावला. नख तुटलं. पुठ्ठा हलला नाही.

"वा! याला म्हणतात काम," बोट चोखत तो म्हणाला. "सात दिवस आहेत ना अजून? तेवढ्यात नव्या माणसाला शिकवून जा."