आईचा चष्मा

"अगं, रड ना!" बाई म्हणाल्या. "स्वतःची आई गेली तुझी, आणि तू सांगतेस असं, जसं काही बसचं वेळापत्रक वाचतेयस. आणि हात मागे घे. किती वेळा सांगू?"

घुमीने हात मागे घेतले. घुमी हे वर्गाने पाडलेलं नाव, आणि अगदी फिट्ट बसलेलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई आयसीयूत होती. आत कुणाला सोडत नव्हते. नर्सने आईचा चष्मा काढून घुमीच्या हातात दिला होता. घुमी काचेबाहेरून हात हलवत राहिली. चष्म्याशिवाय आईला हातभरावरचंही दिसत नसे.

"म्हणजे मी तिला दिसलेच नसेन," घुमी म्हणाली आणि खाली बसली. हुंदका नाही, आवंढा नाही, काही नाही.

वादविवादाचा विषय होता, 'आयसीयूत नातेवाइकांना थांबू द्यावे'. दाखला तर असा, की समोरच्या संघाची बोलतीच बंद! पण सांगणारी कोण, तर घुमी. बाईंनी कपाळाला हात लावला. मुख्याध्यापकांनी बजावलंच होतं : यंदा करंडक नाही, तर वादविवादाचा वर्ग बंद. त्या वर्गात तोतरी पोरं धडाधड बोलायला लागली होती. आई गेल्यावर घुमीने पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही तिथेच.

"हे तोफ सांगेल," बाई शेवटी म्हणाल्या. "'माझी आई' असंच म्हणून. चालेल ना गं तुला?"

तोफ म्हणजे वर्गातली हुकमी वक्ता. पेन हरवलं हे सांगतानासुद्धा ती ऐकणाऱ्याला रडवायची. तिची आई घरी ठणठणीत होती.

"मला कसंतरीच वाटतंय, बाई," तोफ म्हणाली.

"चालेल," घुमी म्हणाली. "त्याने जर लोकांना आत सोडायला लागले, तर चालेल."

मग तिने दप्तरातून एक रुमाल काढला. रुमालात चष्मा होता. "हा दाखव. एक काडी सैल आहे, जपून धर. आणि झालं की लगेच परत दे."

स्पर्धेत परीक्षक मॅडम भलत्याच खडूस निघाल्या. "दर वर्षी मुलं इथे आपापल्या आया मारतात," त्यांनी सुरुवातीलाच दम भरला. "खोटं रडणं मला कोसावरून कळतं."

तोफ उभी राहिली. काच आली, नर्स आली, हलणारा हात आला. शेवटी तिने चष्मा वर धरला. अख्खं सभागृह मुसमुसत होतं. परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि डोळे पुसले.

करंडक मिळाला. टाळ्या थांबेनात. त्या गर्दीतून वाट काढत घुमी मंचावर चढली आणि तिने तोफेपुढे हात केला. "चष्मा दे."

तोफेने तो लगेच पुढे केला. पण परीक्षक मॅडमनी मध्येच तिचा हात धरला, तिची मूठ चष्म्यावर अलगद मिटली.

"राहू दे गं तिच्याजवळ," त्या घुमीला म्हणाल्या. "आई तिची गेलीय. इतकी माणसं रडली आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी बघत होते. मैत्रीण ना तू तिची?"

तोफेने बाईंकडे पाहिलं. घुमीनेही पाहिलं. तिचा हात अजून पुढेच होता.

"काय हो बाई, चुकतंय का माझं?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

बाईंनी करंडक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"बाळा," त्या घुमीला म्हणाल्या, "हात मागे घे."