आधी कुठलं बटण

उपग्रहाच्या तोंडाकडे न बघता आता सगळ्या वीजकेंद्रांची घड्याळं जमिनीखालच्या केबलवरून जुळणार होती. या एका कामापायी इंजिनिअरने नऊ वर्षं जिवाचं रान केलं होतं.

उद्घाटनाच्या टाळ्या ओसरल्यावर एका वायरमनची बायको पुढे आली. नऊ वर्षांपूर्वी, उपग्रहाचा सिग्नल गेलेला असताना, तिचा नवरा खांबावर होता आणि लाइन चालू झाली. दोन्ही टोकांच्या केंद्रांतून बटणं दाबली गेली होती, पण घड्याळांचाच मेळ नव्हता. आधी कुठलं दाबलं गेलं, म्हणजे लाइनीत वीज कुणी सोडली, ते चौकशीत ठरलंच नाही.

"हे तेव्हा असतं, तर माझा माणूस कुणामुळे गेला ते तरी कळलं असतं हो, साहेब."

इंजिनिअरने हातातला गुच्छ टेबलावर ठेवला.

"मलाही कळलं असतं, वहिनी. त्यातलं एक बटण मी दाबलं होतं."