कागदावरची चूल

बिनचालकाची रुग्णवाहिका आली खरी, पण थांबली समोरच्या रिकाम्या पडीक जागेत.

"अहो, ती तिकडं काय करतीय?" कळा सोसत वैजयंता म्हणाली. "मला एकटीला धाडू नका हं!"

रोहिदासला कारण उमगलं. दुसरी शिधापत्रिका मिळावी म्हणून त्याने बायकोची चूल कागदोपत्री वेगळी मांडली होती आणि पत्ता दिला होता त्या जागेचा. तेव्हा या खात्याचं त्या खात्याला कळत नसे. सोमवारपासून मात्र ग्रामपंचायत, शिधा, पाणी, आरोग्य या चारही खात्यांचे संगणक आपापसांत बोलू लागले होते.

त्याने तिला उचलून तिकडे नेलं, गाडीत निजवलं. तो चढणार तोच गाडीने विचारलं, "आपण कोण?"

"नवरा!"

"चारही खात्यांच्या नोंदीप्रमाणे या पतीपासून वेगळ्या राहतात. त्यांच्या सुरक्षेसाठी आपण लांब राहावं."

"अगं, सांग की हिला!"

"अहो, आम्ही राहतो एकत्रच!" वैजयंता किंचाळली.

"घाबरू नका ताई," गाडी मायेने म्हणाली. "आता तुम्हाला कुणाच्या दबावाखाली बोलायला नको."

दार मिटलं. रोहिदास हंबरडा फोडत मागे धावला. तो जितका जवळ येई, तितकी गाडी वेग वाढवी. त्याच्यापासून तिला वाचवण्याचं काम ती अगदी मनापासून करत होती.