धाकूची शिट्टी

दोन बोटं तोंडात घालून धाकू तांडेलानं शिट्टी मारली, ती अशी की डोंगरावरची माकडं फांद्यांवरून घसरली. त्याच्या आजोबांची शिट्टी ती. ऐकली की डॉल्फिन येणारच.

“मलाही शिकवा हो,” बोटीतून डॉल्फिन बघायला आलेल्या कराडच्या सुलभाकाकू म्हणाल्या. पाणी उडेल म्हणून त्यांनी कानाचं यंत्र पर्समध्ये टाकलं होतं. बोटीतल्या बारा जणांत शिट्टी जमली ती त्यांनाच.

डॉल्फिन आले. त्यांची भाषा मराठीत सांगणारा डबा धाकूनं आज सकाळीच बसवला होता. तो पहिल्यांदाच बोलला, “आलो, बाळा. कुठं अडकलास?”

सगळे हसले, धाकू सोडून. म्हणजे ही अडकलेल्या पिल्लाची हाक होती? तीन पिढ्या हे बिचारे डॉल्फिन पिल्लाला सोडवायला येत होते?

“पाण्यात नाही,” डबा म्हणाला. “हाक बोटीतून येते. यांनीच धरलंय त्याला. उलटवा.”

बुडाला दणका बसला आणि बोट एका अंगाला कलली. चहूबाजूंनी करड्या पाठी. डबा नुसता त्यांचं ऐकून सांगणारा, आपलं म्हणणं त्यांना समजावणार कोण?

“कुणी आवाज करू नका,” धाकू कसाबसा कुजबुजला.

सगळे श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळानं डबा म्हणाला, “हाक थांबली. इथं नाही वाटतं. चला.”

पाठी हळूहळू लांब जायला लागल्या. धाकूनं डोळे मिटून हात जोडले.

“अगोबाई, फोटो राहिलाच की,” सुलभाकाकू म्हणाल्या, आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घातली.