कोरडं मुंडू

“डिस्कवर कॉम्प्युटरची सिस्टिम पुरती चढेपर्यंत वायर काढू नकोस, अम्मिणी. आणि नेसायला कोरडं मुंडू काढून ठेव, आलोच मी,” असं बायकोला सांगून वासुदेवन देवळाच्या तळ्यावर आंघोळीला गेले.

“ठेवते,” ती म्हणाली होती.

ते तळ्यातून परतलेच नाहीत, आणि त्या गडबडीत कुणीतरी वायर काढली. तेव्हापासून त्यांच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर ती सिस्टिम काही केल्या चढेना. पडद्यावरची पट्टी त्या दिवशी जिथं थांबली होती, नेमकी तिथंच येऊन अडे.

“चेची, या डबीत जीव नाही उरला,” दुरुस्तीला आलेला शाजी वैतागला. “तुमचा देव गुरुवायूरप्पन स्वतः येऊन बसला तरी व्हायचं नाही!”

“त्यांनी हातात घेतलेलं काम आहे रे. तेवढं पुरं व्हावं,” माळ ओढता ओढता अम्मिणी म्हणाली.

शाजीनं वायर काढून गुंडाळली.

डबीवरचा निळा दिवा लुकलुकतच राहिला. अडलेली पट्टी हळूच पुढे सरकली. मग आणखी थोडी.

“वायर तर माझ्या हातात आहे, चेची...” शाजीनं गुंडाळलेली वायर वर धरून दाखवली.

पट्टी शेवटाला टेकत आली होती. अम्मिणीनं माळ डोळ्यांना लावून खाली ठेवली, आणि कोरडं मुंडू काढायला ती कपाटाकडे गेली.