साबणाची कांडी

वेसीला माती देऊन महिना होत आला, तरी त्याच्या बापाने, हमदुल्लाने, दाढी केली नव्हती. आमच्या मार्दिनमध्ये बापाची दाढी उतरली की दुखवटा संपतो, आणि ती उतरवायला गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी न्हाव्याला घरी न्यायचं असतं. म्हणून आम्ही शेहमूस उस्ताला घेऊन गेलो.

हमदुल्ला अंगणात येरझारा घालत होता. दारापर्यंत जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत फिरायचा.

"आज राहू दे," तो म्हणाला. "फेस करायला वाटीसुद्धा नाही घरात."

उस्ताने खिशातून चंदेरी कागदातली साबणाची कांडी काढली. "हिला वाटी कशाला? गाल ओला असला की झालं. वर घासायची, आणि ब्रशने तिथेच फेस करायचा."

"आरसा फुटलाय."

"आरशात बघून करणार काय? नवरदेव आहेस का तू?"

दुकानातली रोजची थट्टा त्याच्या तोंडून निसटली. आम्ही सगळे खाली बघू लागलो. द्राक्षं उतरल्यावर वेसीचं लग्न व्हायचं होतं.

हमदुल्लाच्या येरझारा थांबल्या. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नळाला पाणी नाही, उस्ता," तो तसाच म्हणाला. "उद्या या."

उस्ता त्याच्या समोर गेला. दोन बोटांनी हनुवटी धरून त्याने तो चेहरा उजेडाकडे वळवला आणि क्षणभर बघत राहिला.

"पाणी लागणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने कांडी गालाला लावली.