शेवटचा फर्मा

वामनरावांनी चकचकीत कागद फाडला, पुस्तक छातीपाशी धरलं आणि फोटो निघेपर्यंत हसू धरून ठेवलं. वाशीच्या सोसायटी हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ‘मिठागराची पुतळा’, भाग पाचवा आणि शेवटचा. मुखपृष्ठ खरं होतं. आत गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींचं पुस्तक होतं. जाडी जुळत होती.

यात नवल काही नाही. हॉल मिळतो त्या तारखेला पुस्तक तयार असतंच असं नाही. मग प्रकाशक नुसतं कव्हर छापून घेतो आणि हाताला लागेल त्या पुस्तकावर चढवतो. पाहुणा ते उघडत नाही, एवढ्या भरवशावर हे चालतं. वामनरावांनी आजवर एकशे चौदा पुस्तकांचं प्रकाशन केलं होतं आणि एकाचीही घडी मोडली नव्हती.

या खेपेला मात्र छापखान्याचा दोष नव्हता. शेवटची सोळा पानं, म्हणजे शेवटचा फर्मा, लेखिकेने दिलाच नव्हता.

लेखिका अरुणा मढवी, शिरवण्याच्या, शाळेत शिकवणाऱ्या. नावडतीची जुनी कहाणी त्यांनी हाती घेतली होती. राजा नावडत्या राणीला हाकलतो, पुढे देव पावतो, राजा पालखी पाठवतो, राणी परत जाते आणि सगळं गोड होतं. अरुणाबाईंनी त्या राणीला पुतळा नावाची एक मुलगी दिली आणि दोघींना खाडीकाठच्या मिठागरात नेऊन ठेवलं. मीठ पुतळाशी बोलायचं. चार भागांत ती नऊ वर्षांची अठरा वर्षांची झाली. आता राजाची पालखी मिठागराच्या बांधावर येऊन उभी होती, आणि आठ महिने झाले, तिथेच उभी होती.

प्रकाशक सितारामला पुतळा पालखीत बसायला हवी होती. शाळांच्या ग्रंथालयांना घरी परतलेल्या मुली लागतात, असं तो म्हणायचा. आज सकाळी उपविधींवर कव्हर चढवतानाही म्हणाला. अरुणाबाई थकल्या होत्या. ‘बसवते. मंगळवारी पानं देते,’ असं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

हॉलमध्ये चाळीस माणसं. अठरा सितारामच्या नात्यातली. नऊ शिक्षिका, मुख्याध्यापिकांनी पाठवलेल्या. बारा जण पुढच्या बारशाला आलेले, पंखा बघून आत बसलेले. राहिली एक. नेरूळची बुशरा, अकरावीतली, मांडीवर लायब्ररीचा चौथा भाग, वर खाकी कागद. पुस्तक वाचलेली तेवढी तीच.

वामनराव माइककडे वळले. काल दुपारी पुस्तक हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही, म्हणाले. सूनबाईंनी चहा आणला, तो निवला. शेवटच्या पानावर तर चष्मा पुसावा लागला. शेवट सितारामने सकाळीच कानावर घातला होता; नायिकेचं नाव त्यांनी हातातल्या कव्हरवरून वाचून घेतलं आणि सांगितलं की पुतळा पालखीत बसते आणि वडिलांच्या पाया पडते, तिथे आपली सगळी संस्कृती उभी राहते. बारशाच्या मंडळींनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सिताराम कमरेचा पेजर सावरत अरुणाबाईंच्या कानाशी वाकला. ‘आता जाहीर झालं, मॅडम. लोकांना सांगितलेलं बदलता येत नाही.’

प्रश्न विचारा, असं कुणीतरी म्हणालं. असं म्हटल्यावर कुणी विचारत नाही. बुशरा उभी राहिली.

‘सर, चौथ्या भागात कळतं, पालखीच्या याच भोयांनी तिच्या आईला दोरीने बांधून मिठागरात आणून टाकलं होतं. ती त्यांच्याच खांद्यावर बसली?’

वामनराव क्षणभरही अडले नाहीत. या वयात एवढी सफाई असते, ती सरावाने येते.

‘बाळ, क्षमा म्हणतात त्याला. तीच तर शेवटच्या पानाची ताकद आहे.’ त्यांनी उपविधींवर हलकेच थाप मारली. ‘आधी पुस्तक वाचावं, मग शंका काढावी. वाचनाची सवय लावून घे.’

हॉल हसला. शिक्षिकाही हसल्या. बुशराने खाकी कव्हरचा सुटलेला कोपरा आत दुमडला आणि ती खाली बसली.

अरुणाबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदाच पेनाचं टोपण झटक्यात काढलं.

आभार झाले. पहिली प्रत लेखिकेने सही करून पाहुण्यांना द्यायची असते. वामनरावांनी ती पुढे केली. दुसऱ्या हातात शाल आणि नारळ. बुशरा सहीसाठी चौथा भाग घेऊन त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. अरुणाबाईंनी कव्हर उघडलं आणि आतल्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. सही एवढी लांब नसते. सितारामने मान पुढे काढली, पण मध्ये नारळ होता.

पान असं होतं: ‘पुतळाने भोयांना पाणी दिलं. आईला बांधलेली ती दोरी पालखीत ठेवली, वर ओंजळभर मीठ ठेवलं आणि म्हणाली, उचला. पालखी गेली. मायलेकी मिठाच्या कामाला लागल्या.’ खाली तारीख.

वामनरावांच्या कोपराआडून बुशराने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग तिने आपला चौथा भाग सहीला पुढे न करता बगलेत धरला आणि चपला शोधायला निघाली.

‘एवढं काय लिहिलंत, ताई?’ वामनरावांनी विचारलं.

‘शेवट.’

‘तो मी वाचलाय,’ असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि पिशवीत नारळाखाली ठेवलं.